हजरत रुफैदा (रजि.) : मस्जिदीतल्या तंबूची मुखत्यार

हिजरी सन 5, म्हणजे इसवी सन 627. खंदकच्या लढाईत अन्सारांचे सरदार हजरत सअद बिन मुआज (रजि.) यांच्या हाताच्या शिरेत बाण घुसला. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना हजरत रुफैदांच्या तंबूत ठेवायला सांगितलं. हा तंबू मस्जिद-ए-नबवीतच होता, त्यामुळे प्रेषितांना सकाळ-संध्याकाळ येता-जाता विचारपूस करता यायची. सअद यांची जखम नंतर पुन्हा फुटली आणि त्यांचा इंतकाल झाला; पण खिदमतीत कसूर झाली नव्हती.

रुफैदा अस्लम कबिल्याच्या. वडील वैद्यकी करायचे आणि त्यांच्याच हाताखाली त्या शिकल्या, असं सांगितलं जातं. सिरतच्या जुन्या किताबांत त्यांच्याबद्दल मोजक्याच ओळी आहेत: त्या जखमींवर इलाज करायच्या आणि ज्यांना बघणारं कोणी नाही त्यांची खिदमत स्वतःच्या अंगावर घ्यायच्या.

आपल्याकडे त्यांचं नाव घेतात ते पट्टी बांधणारी मायाळू बाई म्हणून. आम्हाला हे अपुरं वाटतं. लढाई चालू असताना तंबू तयार ठेवायचा म्हणजे पाणी, कापड, दवा, माणसं, सगळ्याची आधी जुळवाजुळव आली. कोणाला आधी बघायचं हेही ठरवावं लागतं. इतर बायकांना त्यांनी हे काम शिकवलं, अशी रिवायत चालत आली आहे. आजच्या भाषेत हे मेट्रनचं काम, मॅनेजमेंटच म्हणा ना!

म्हणूनच जीएनएम झाली, नोकरी लागली, आता बस, असं घरात कोणी म्हटलं की आम्हाला हा तंबू आठवतो. पुढे दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी आहे. नोंदणी आणि किमान एक वर्षाचा अनुभव असेल तर त्यानंतर दोन वर्षांचं एमएस्सी नर्सिंग. त्यात नर्सिंग मॅनेजमेंट हा स्वतंत्र विषय असतो: ड्युट्या लावणं, वॉर्डातला माल, नव्या मुलींना तयार करणं. दिल्लीच्या राजकुमारी अमृत कौर कॉलेजात नर्सिंगचं मास्टर्स 1959 पासून चालू आहे. लग्न आधी की एमएस्सी, यावर घराघरात वाद होतात, ते आम्ही जाणतो. मुलगी वॉर्डात राबणार हे चालतं, तिने वॉर्ड चालवायचा म्हटलं की मात्र खर्च आठवतो.

आयर्लंडच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सचं बहरीनमध्ये विद्यापीठ आहे. तिथे नर्सिंगच्या हुशार विद्यार्थ्याला दरवर्षी रुफैदांच्या नावाचं पारितोषिक देतात.