फाळक्यांचा जमाखर्च
आपल्या बडोद्याच्या कलाभवनात १८९० साली शिकलेल्या दादासाहेब फाळक्यांनी सुख कशात मानले, हे त्यांच्या जमाखर्चावरून उमगत नाही. विम्याची पॉलिसी गहाण पडली, सरस्वतीबाईंचे दागिने गेले. साऱ्या मंडळींचा स्वयंपाक उरकून ती माउली रात्री फिल्मला भोके पाडीत बसे. असा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली झळकला. १९१७ च्या ‘लंकादहना’ने मात्र रग्गड पैसा दिला. १९१८ साली भागीदार घेऊन नाशकास कंपनी काढली, आणि खर्चावरून खटके उडू लागले. वैतागून फाळके काशीस गेले; पण हातांना चैन पडेना. १९२२ साली त्याच कंपनीत ते पगारावर परतले! सदुसष्टाव्या वर्षी, १९३७ साली, कोल्हापूर सिनेटोनसाठी त्यांनी ‘गंगावतरण’ केले. १९४४ साली नाशकास वारले, तेव्हा गाठीस फारसे काही नव्हते.