अभंगातून ख्रिस्तभक्ती

रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे चरित्र वाचताना मला त्यांच्या संसाराचेच अधिक नवल वाटते. १८६१ साली जन्मलेल्या या ब्राह्मण कवीने १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि घर दुभंगले. पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे दूर राहिल्या. पुढे १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. टिळकांनी धर्म बदलला, पण अभंग सोडला नाही. मुख्यतः पाश्चात्त्य चालींवर गाणाऱ्या मराठी ख्रिस्ती मंडळींना त्यांनी भजन-कीर्तनाची गोडी लावली. त्यांची पदे आजही उपासनेत गायिली जातात. १९१९ मध्ये ते वारले. ख्रिस्तचरित्र गाणारे त्यांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनीच पूर्ण केले. ज्या श्रद्धेने घर दुभंगले, तिचेच गाणे अखेर दोघांचे झाले!