लोणावळ्यात मोजलेला श्वास

प्राणायाम केला की शरीराला जादा ऑक्सिजन मिळतो, असे आजही सर्रास सांगितले जाते. लोणावळ्याच्या कैवल्यधामचे संस्थापक स्वामी कुवलयानंद यांनी हा समज नव्वद वर्षांपूर्वीच तपासून पाहिला होता.

त्यांचे मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे; जन्म १८८३ चा, गुजरातमधील डभोईचा. बडोद्यात राजरत्न माणिकराव यांच्याकडे ते व्यायाम शिकले आणि मालसरच्या माधवदासजींकडे योग. अमळनेरला काही वर्षे अध्यापन केले. योगाचा गुण येतो हे दिसत होते. तो का येतो, हे त्यांना हवे होते. म्हणून १९२० च्या सुमारास बडोद्याच्या रुग्णालयात त्यांनी उड्डियान आणि नौलीची क्ष-किरण तपासणी केली. १९२४ मध्ये मावळात कैवल्यधाम सुरू झाले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिकही. गांधीजींनी १९२७ मध्ये प्रकृतीसाठी त्यांचाच सल्ला घेतला.

लोणावळ्याच्या प्रयोगशाळेत त्यांनी श्वासातला ऑक्सिजन आणि उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजला. प्राणायामाने ऑक्सिजन विशेष वाढत नाही, असे आढळले. योगाच्या प्रचारकाला हे गैरसोयीचेच, पण त्यांनी ते छापले. निरोगी माणसाच्या धमन्यांतले हिमोग्लोबिन साध्या श्वासानेही सुमारे ९७ टक्के भरलेले असते. आणखी भरणार किती? प्राणायामाचे खरे मोल मज्जासंस्थेसाठी, असे त्यांचे मत होते.

श्वासाचा मज्जातंतूंशी संबंध कसा, हे आता पेशीपर्यंत जाऊन सांगता येते. पेशीच्या आवरणात प्रथिनांची इवली दारे असतात. त्यांना चॅनेल म्हणतात. त्यांतून सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियमचे भारित कण ये-जा करतात. मानेतल्या मोठ्या धमनीलगत काही खास पेशी असतात. रक्तातला ऑक्सिजन घटला की त्यांची पोटॅशियमची दारे मिटतात, कॅल्शियमची उघडतात आणि श्वास वाढवण्याचा निरोप मेंदूकडे जातो. उलट, फार वेगाने श्वास घेत राहिल्यास कार्बन डायऑक्साइड घटतो आणि रक्तातले मोकळे कॅल्शियम कमी होते. मग मज्जातंतूंची सोडियमची दारे जराशा निमित्ताने उघडतात. भस्त्रिका करताना बोटांना, ओठांभोवती मुंग्या येतात त्या यामुळे. काही जण त्याला शक्तीचा संचार समजतात. अशा वेळी थांबावे आणि श्वास संथ होऊ द्यावा.

कुवलयानंद १९६६ मध्ये गेले. ‘योगमीमांसा’ अजूनही लोणावळ्याहून निघते.