नेम मोजणारा यंत्रकार : जोसेफ व्हिटवर्थ

बिडकीनच्या हार्डवेअरच्या दुकानातून आणलेला अर्धा इंची नळ पैठणच्या घरातल्या पाइपावर बसतो आणि संभाजीनगरच्या रुग्णालयातल्या पाइपावरही बसतो. नळाचे आटे सगळीकडे सारखे असणार, हे आपण गृहीतच धरतो. या आट्यांचा ५५ अंशांचा कोन १८४१ साली जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज यंत्रकाराने सुचवला होता. पुढे त्यांनी आणखी एक अवघड प्रश्न हाती घेतला. एकाच नमुन्यावरून बनवलेल्या दोन रायफलींपैकी एकीचा नेम लागतो आणि दुसरीचा चुकतो, असे का होते?

व्हिटवर्थ यांचा जन्म २१ डिसेंबर १८०३ रोजी इंग्लंडमधील स्टॉकपोर्ट येथे झाला. वडील शिक्षक होते, पुढे धर्मोपदेशक झाले. आई लवकर गेली. चौदाव्या वर्षी मुलाला नातेवाइकाच्या सूतगिरणीत धाडण्यात आले. त्याने हिशेब शिकून गिरणी सांभाळावी, अशी घरच्यांची इच्छा होती. त्याचा जीव मात्र यंत्रांत रमला. काही वर्षांनी तो मँचेस्टरच्या कारखान्यांत हाताने काम करू लागला आणि १८२५ मध्ये लंडनला जाऊन हेन्री मॉडस्ली यांच्या नामांकित कार्यशाळेत दाखल झाला.

तिथे त्यांनी पूर्ण सपाट पृष्ठभाग तयार करण्याच्या पद्धतीवर काम केले. लोखंडाच्या दोन पाट्या एकमेकींवर घासल्या, तर एक फुगीर आणि दुसरी तितकीच खोलगट होऊनही त्या चपखल बसतात. दोघींची चूक एकमेकींत लपून जाते. म्हणून तीन पाट्या घ्यायच्या, आळीपाळीने एकमेकींवर ठेवून पाहायच्या आणि जिथे उंचवटा दिसेल तिथे खरवडायचे. तिन्ही पाट्या एकमेकींशी जुळल्या म्हणजे त्या सपाटच असणार. दोन चुकीच्या गोष्टी एकमेकींना दुजोरा देऊ शकतात, म्हणून तिसरा साक्षीदार हवा. रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत यंत्राची पडताळणी आधीच माहीत असलेल्या नमुन्यावर करतात, त्यामागे हाच विचार असतो.

१८३३ मध्ये व्हिटवर्थ यांनी मँचेस्टरमध्ये स्वतःचा कारखाना काढला. त्या काळी प्रत्येक कारखान्याचे आटे निराळे असत. एका ठिकाणचा बोल्ट हरवला, तर दुसरीकडचा बसत नसे. त्यांनी अनेक कारखान्यांतून बोल्ट गोळा केले, त्यांची मापे घेतली आणि सरासरी काढून एक समान पद्धत मांडली. पुढे त्यांनी इंचाच्या दहा लाखाव्या भागाइतका फरक दाखवणारे मापनयंत्रही बनवले. मोजण्यासाठी ते नजरेपेक्षा स्पर्शावर अधिक विसंबत. नाडी पाहणाऱ्या वैद्याला हे सहज पटेल.

१८५४ मध्ये क्रिमियाचे युद्ध सुरू होते आणि ब्रिटिश सैन्याला झपाट्याने रायफली हव्या होत्या. काडतुसांमुळे १८५७ च्या उठावाच्या इतिहासात आपल्याकडेही गाजलेली एन्फिल्ड रायफल ती हीच. तिच्या उत्पादनासाठी यंत्रे सुचवावीत, असे सरकारने व्हिटवर्थ यांना सांगितले. त्यांनी सांगितलेल्या कामाच्या आधी एक पाऊल मागे घेतले. चांगली नळी कशी असते हेच जर ठाऊक नसेल, तर ती यंत्राने भराभर बनवून काय उपयोग? त्यांनी आधी प्रयोगाची मागणी केली. त्यांच्या घराच्या आवारात ५०० यार्ड, म्हणजे सुमारे ४५७ मीटर लांबीचे झाकलेले दालन सरकारी खर्चाने उभे राहिले. ते वादळात कोसळले, पुन्हा बांधले गेले आणि १८५५ मध्ये चाचण्या सुरू झाल्या. वाऱ्याचा अडथळा राहू नये म्हणून दालन झाकलेले होते. गोळीच्या वाटेवर ठरावीक अंतरांवर पातळ कागदाचे पडदे लावलेले असत. कागदावर पडणाऱ्या छिद्रांवरून गोळी कुठे भरकटली ते कळे.

कारखान्यात रायफलीची नळी भरीव पोलादी दांड्यातून तयार होते. आधी लांब ड्रिलने आरपार भोक पाडतात, मग रीमरने ते गुळगुळीत आणि मापाचे करतात. त्यानंतर आतून पीळदार खाचा पाडतात. या खाचांमुळे गोळी स्वतःभोवती फिरते आणि भोवऱ्यासारखी स्थिर राहते. प्रत्येक टप्प्यावर थोडी सूट द्यावीच लागते, कारण हत्यार झिजते, पोलाद तापते, हात बदलतो. एखादी नळी सुटीच्या वरच्या टोकाला, दुसरी खालच्या टोकाला, आणि दोन्ही तपासणीत पास. नळीचे तोंड किंचित तिरपे असेल, काडतुसाचे घर नळीच्या रेषेत नसेल, पोलादात ताण उरल्याने तापल्यावर नळी वाकत असेल, लाकडी दस्ता पावसाळ्यात फुगून नळीवर दाब देत असेल, काडतुसातली दारू कमी-जास्त असेल, तर हे बारीक दोष एकत्र येतात आणि गोळ्या लक्ष्यावर विखुरतात. शिकारीची रायफल असो की सैन्याची, कारण सारखेच.

इथे नेमकेपणा आणि सातत्य यांतला फरक ध्यानात घ्यायला हवा. दहाही गोळ्या एकाच जागी, पण मध्यापासून दूर लागल्या, तर दृष्टिरेषा दुरुस्त करून काम भागते. गोळ्या चहूकडे विखुरल्या, तर दुरुस्त काय करायचे? रक्तदाबाचे यंत्र रोज दहाने जास्त दाखवत असेल, तर ते जुळवून घेता येते. कधी जास्त, कधी कमी दाखवणाऱ्या यंत्रावरून औषधाची मात्रा ठरवता येत नाही.

व्हिटवर्थ यांनी एन्फिल्डच्या ०.५७७ इंची नळीऐवजी ०.४५१ इंची, आतून षट्कोनी नळी घेतली. एन्फिल्डमध्ये खाचांचा एक पूर्ण पीळ ७८ इंचांत होई, त्यांनी तो २० इंचांत घेतला. १८५७ च्या चाचणीत ५०० यार्डांवर एन्फिल्डच्या गोळ्या मध्यापासून सरासरी २.२४ फूट दूर पडल्या, व्हिटवर्थ यांच्या ०.३७ फूट. तरीही सरकारने ही रायफल सरसकट स्वीकारली नाही. ती महाग होती आणि तिची बारीक नळी दारूच्या काजळीने लवकर भरे. १८६० मध्ये विम्बल्डनच्या स्पर्धेचे उद्घाटन करताना राणी व्हिक्टोरियाने टेकूवर पक्की बसवलेली याच बनावटीची रायफल दोरी ओढून झाडली. ४०० यार्डांवरची गोळी मध्यापासून सव्वा इंचावर लागली.

अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेच्या नेमबाजांनी ही रायफल वापरली. त्या युद्धात रायफलींच्या गोळ्यांनी हाडांचा चुरा होई आणि शल्यचिकित्सकांना हातपाय कापण्याखेरीज फारसा मार्ग उरत नसे. नेम जितका सुधारला, तितकी जखमींची रांग वाढली. व्हिटवर्थ यांच्या कर्तृत्वाची ही बाजू झाकून ठेवता येत नाही.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. १८६८ मध्ये त्यांनी तरुण यंत्रकारांच्या शिष्यवृत्तीसाठी एक लाख पौंड दिले. प्रकृतीसाठी माँटे कार्लोला गेले असता २२ जानेवारी १८८७ रोजी त्यांचे तिथेच निधन झाले. त्यांच्या संपत्तीचे एक वारस रिचर्ड कॉप्ली क्रिस्टी यांनी त्या पैशातून मँचेस्टरमध्ये कर्करोगाच्या रुग्णांसाठी इमारत उभी केली. ती १८९२ मध्ये सुरू झाली आणि पुढे क्रिस्टी रुग्णालय म्हणून जगभर ओळखली गेली. रेडियमची मात्रा गाठीला सगळीकडे शक्य तितकी सारखी मिळावी, यासाठीची प्रसिद्ध मँचेस्टर पद्धत १९३० च्या दशकात याच शहरात तयार झाली. फरक शून्य होत नाही, पण तो किती चालेल हे आधी ठरवता येते, हाच धडा तिथे उपचाराच्या कामी आला.

समान मापाचा प्रश्न आज आपल्या घरातही आहे. इन्सुलिन भारतात ४० युनिटचे आणि १०० युनिटचे असे दोन ताकदींचे मिळते. ४० च्या सिरिंजचे झाकण साधारणतः लाल आणि १०० च्या सिरिंजचे नारिंगी असते. १०० चे इन्सुलिन ४० च्या सिरिंजने घेतले, तर अडीचपट मात्रा शरीरात जाते आणि साखर एकदम खाली येऊन रुग्ण बेशुद्ध पडू शकतो. उलट अदलाबदल झाली, तर मात्रा निम्म्याहूनही कमी पडते. म्हणून झाकणाच्या रंगावर न थांबता बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा प्रत्येक वेळी जुळवून पाहावा. आटे जुळले नाहीत तर नळ ठिबकतो आणि लगेच कळते. इन्सुलिनची चूक मात्र टोचून झाल्यावरच कळते.