कलामहर्षी बाबुराव पेंटर

नाटक मंडळ्यांच्या वैभवाचा तो काळ होता. गावात नवे नाटक आले की लोक नटांच्या गाण्याइतकीच पडद्यांचीही चर्चा करीत. राजवाड्याचा पडदा, अरण्याचा पडदा, रस्त्याचा पडदा असे मोठमोठे रंगविलेले पडदे रंगभूमीवर सोडीत आणि त्यांच्यापुढे नट आपले काम करीत. कोल्हापुरात पडदे रंगविण्याच्या कामी दोन तरुणांचा हात धरणारा दुसरा कोणी नव्हता. हे दोघे म्हणजे आनंदराव मेस्त्री आणि त्यांचे भाऊ बाबुराव मेस्त्री. केशवराव भोसले यांच्या ललितकलादर्श मंडळीसाठी त्यांनी पडदे रंगविले. ह्या कामात त्यांचा एवढा लौकिक झाला की मेस्त्री हे आडनाव मागे पडून 'पेंटर' हेच नाव त्यांना कायमचे चिकटले.

बाबुरावांचा जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापूर येथे झाला. वडील कृष्णराव हे हरहुन्नरी कारागीर होते. चित्रे काढणे, मूर्ती घडविणे, कोरीव काम करणे हे सारे मुलाने घरातच पाहिले. कलेच्या कोणत्याही विद्यालयात न जाता ते केवळ निरीक्षणाने व सरावाने चित्रकार आणि मूर्तिकार झाले.

१९१३ साली दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट प्रसिद्ध झाला. तो पाहिल्यापासून ह्या दोघा भावांना चित्रपटाचे वेड लागले. परंतु चित्रपट काढावयाचा तर कॅमेरा हवा. विलायती कॅमेरा विकत घेणे त्यांच्या आवाक्याबाहेरचे होते. शिवाय १९१४ मध्ये महायुद्ध सुरू झाले. तेव्हा कॅमेरा आपणच तयार करावा असे त्यांनी ठरविले! चित्रे पडद्यावर दाखविणारे एक जुने यंत्र त्यांनी मुंबईहून आणले आणि त्याची रचना बारकाईने अभ्यासिली. काम अर्धवट असतानाच १९१६ साली आनंदराव वारले. ज्याच्या डोक्यातून ही कल्पना निघाली, तोच सोबती गेला. दुसरा एखादा असता तर पुन्हा पडदे रंगवीत बसला असता. बाबुरावांनी मात्र काम सोडले नाही. यंत्रविद्येत निपुण असलेले विष्णुपंत दामले त्यांच्या साह्यास आले. फिल्मची पट्टी एका चित्रापुरतीच पुढे सरकावी, क्षणभर स्थिर राहावी, तेवढ्यात भिंगातून प्रकाश आत यावा आणि पट्टी पुन्हा सरकताना तो अडविला जावा, हे सारे हाताने फिरविलेल्या दांड्याने अचूक साधले पाहिजे. एक दाता चुकला की चित्र बिघडलेच. पुष्कळ खटपटीनंतर १९१८ च्या सुमारास हा स्वदेशी कॅमेरा तयार झाला. गायिका तानीबाई कागलकर यांनी द्रव्यसाह्य केले आणि कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली.

आता बाबुरावांपुढे निराळाच प्रश्न आला, आणि तो त्यांच्याच पूर्वीच्या धंद्यातून निघालेला होता. नाटकाचा पडदा दिव्यांच्या उजेडात, दूर बसलेल्या प्रेक्षकासाठी रंगविलेला असतो. चित्रीकरण त्या काळी सूर्यप्रकाशात होई. वाऱ्याची झुळूक आली की रंगविलेला राजवाडा हलावयाचा! रंगविलेल्या खांबाची सावली जमिनीवर पडत नाही आणि रंगविलेल्या दारातून नटाला बाहेर येता येत नाही. उल्हासनगर व बदलापूर यांच्या मध्ये अंबरनाथ येथे शिलाहार राजांच्या काळातील, इ.स. १०६० मधील शिवमंदिर आहे. त्याच्या भिंती सकाळी निराळ्या दिसतात व सायंकाळी निराळ्या. कारण दगडातील प्रत्येक कंगोऱ्याची सावली सूर्याबरोबर फिरते. खऱ्या वास्तूला ही जी खोली असते, ती कापडावरच्या चित्राला कोठून येणार? मूर्तिकाराच्या हाताला हे सांगावे लागत नाही. बाबुरावांनी सपाट पडद्यांऐवजी भरीव देखावे उभारले. गोल खांब, चढता येतील अशा पायऱ्या, माणसे वावरतील अशी दालने त्यांच्या चित्रपटांत दिसू लागली. ज्या कलेने त्यांना नाव मिळवून दिले होते, तीच त्यांनी बाजूस सारली, हे विशेष होय. प्रत्येक प्रसंग ते आधी कागदावर रेखाटीत. पोशाख कसा असावा, पात्राने कोठे उभे राहावे, हे त्या चित्रांतच ठरे.

'सैरंध्री' हा त्यांचा पहिला चित्रपट ७ फेब्रुवारी १९२० रोजी पुण्यात प्रदर्शित झाला. स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या होत्या, आणि त्या दिवसांत ही धाडसाचीच गोष्ट होती. कीचकवधाचा प्रसंग इतका खरा वाटे की पाहणारे भयभीत होत. लोकमान्य टिळकांनी बाबुरावांना 'सिनेमाकेसरी' ही पदवी दिली. १९२३ च्या 'सिंहगड' चित्रपटात त्यांनी कृत्रिम प्रकाशाचा उपयोग केला. तानाजीने गड घेतला तो रात्री, मग उन्हावर अवलंबून कसे चालेल? १९२४ मध्ये 'कल्याण खजिना' आला. चित्रपटाची भित्तिपत्रकेही ते स्वतः रंगवीत.

'सावकारी पाश' हा १९२५ सालचा चित्रपट त्यांच्या कामाचा कळस म्हणावा लागेल. सावकाराने फसविल्यामुळे जमीन गमावून बसलेल्या शेतकऱ्याची ती कथा. तीत राजवाडा नाही, मुकुट नाहीत. मंद उजेडातील एक झोपडी आणि तिच्यापाशी विव्हळणारे एक कुत्रे! मूकपट असूनही ते विव्हळणे प्रेक्षकांना ऐकू आल्यासारखे वाटे.

१९२९ साली दामले, फत्तेलाल, शांताराम व धायबर हे त्यांचे चार साथीदार कंपनीतून बाहेर पडले आणि त्यांनी प्रभात फिल्म कंपनी स्थापिली. शिष्य मोठे झाले, परंतु गुरूची कंपनी थोड्याच काळात बंद पडली. बोलपटांच्या युगात बाबुरावांनी 'उषा', 'प्रतिभा' असे काही चित्रपट केले. मात्र त्यांचे मन पुन्हा चित्रकलेकडे व शिल्पकलेकडे वळले होते. १६ जानेवारी १९५४ रोजी त्यांचे निधन झाले.

चित्रपटासाठी उभारलेली वास्तू काम संपताच मोडतात. बाबुरावांचे वाडे व झोपड्या तशाच गेल्या, आणि त्यांच्या मूकपटांच्या बहुतेक पट्ट्याही नष्ट झाल्या. कोल्हापूरच्या शिवाजी चौकात शिवछत्रपतींचा अर्धपुतळा आहे. तो मात्र बाबुरावांच्या हातचा असून आजही चौकात उभा आहे.