पक्ष्याच्या पायातली चिठ्ठी

ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम हे नाव आपल्याला ठाऊक असते ते राष्ट्रीय काँग्रेसचे एक संस्थापक म्हणून. डिसेंबर १८८५ मध्ये मुंबईच्या गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरले, त्याचे ते प्रमुख सूत्रधार होते. त्याच वर्षी आपल्या आयुष्यभराचा पक्षिसंग्रह त्यांनी कायमचा दूर केला, ही गोष्ट मात्र फारशी कुणाच्या स्मरणात नाही. भारतीय पक्षिशास्त्राचा पाया घालणाऱ्या या गृहस्थाचा धागा थेट खानदेशातील पिंपळनेरच्या परिसरापर्यंत येऊन पोचतो.

ह्यूम यांचा जन्म १८२९ चा. १८४९ साली ते मुलकी सेवेत दाखल झाले आणि उत्तर हिंदुस्थानातील इटावा येथे नेमले गेले. तेथे त्यांनी शाळा काढल्या, १८५७ च्या उठावाची धग सोसली आणि फावल्या वेळात पक्ष्यांचा अभ्यास आरंभिला. १८७१ मध्ये ते महसूल, शेती व व्यापार खात्याचे सचिव झाले. सिमल्यातील त्यांचा बंगला हळूहळू पक्ष्यांचे संग्रहालयच बनून गेला.

मार्च १८७३ मध्ये भूगर्भशास्त्रज्ञ स्टोलिक्झका आदी सहकाऱ्यांसह ते अंदमान-निकोबारच्या सफरीवर निघाले. उष्ण, दमट हवा, किनाऱ्यापर्यंत उतरलेले घनदाट अरण्य आणि वेळापत्रकाने बांधलेले जहाज, अशी ती सफर होती. अशा प्रवासात एखाद्या बेटाच्या वाट्याला जेमतेम एक दिवस येई. होडीने किनारा गाठावयाचा, दिसेल ते टिपावयाचे, नमुने गोळा करावयाचे आणि परतावयाचे. याच सफरीतून नारकोंडम या ज्वालामुखीय बेटावरचा धनेश शास्त्राला ज्ञात झाला. ही स्वतंत्र जात असल्याचे ह्यूम यांनी १८७३ मध्येच प्रसिद्ध केले. जगाच्या पाठीवर अन्यत्र कोठेही हा पक्षी वस्तीस नाही. पुढे १८७५ मध्ये ‘क्लाईड’ या सर्वेक्षण जहाजातून ते लक्षद्वीपला गेले. दीपगृहांसाठी बेटांची पाहणी करणे हे सरकारी प्रयोजन होते; ह्यूम यांचे डोळे मात्र आकाशाकडेच लागलेले असत. पश्चिम किनाऱ्यावर वेंगुर्ल्यासमोरील खडकाळ बेटांनाही त्यांनी भेट दिली. सुरय आणि पाकोळ्यांची ही बेटे आजही पक्षिअभ्यासकांना खुणावतात.

एका दिवसाच्या भेटीत एका माणसाला दिसून दिसणार ते किती? ह्यूम यांचे मोठेपण असे की, त्यांनी ही मर्यादा ओळखली. देशभर विखुरलेल्या अधिकाऱ्यांना आणि हौशी निरीक्षकांना त्यांनी पत्रांनी जोडले. त्यांच्या नोंदींसाठी ‘स्ट्रे फेदर्स’ हे नियतकालिक सुरू केले. पक्ष्याच्या कातडीला, बहुधा पायाशी, बांधलेल्या चिठ्ठीवर स्थळ आणि तारीख नसेल, तर नमुन्याचे मोल निम्म्याहून कमी होते, हे या शास्त्राचे पहिले पथ्य होय.

खानदेशातील मुलकी अधिकारी जेम्स डेव्हिडसन हे या मंडळींपैकीच एक. त्या काळी पिंपळनेर हा खानदेश जिल्ह्याचा एक तालुका होता. आज हे गाव धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यात मोडते. पांझरेच्या खोऱ्यासह पश्चिम खानदेशच्या या मुलखातील पक्ष्यांची यादी डेव्हिडसन यांनी तयार केली आणि १८८२ मध्ये ती ह्यूम यांच्या नियतकालिकातून प्रसिद्ध झाली. रानपिंगळा या दुर्मीळ घुबडाचे शास्त्रीय वर्णन ह्यूम यांनी १८७३ मध्ये केले होते. डेव्हिडसन यांना तो खानदेशात मिळाला.

इकडे ह्यूम यांचे सरकारशी बिनसत गेले. १८७९ मध्ये त्यांना सचिवपदावरून दूर करण्यात आले आणि १८८२ मध्ये त्यांनी नोकरी सोडली. भारतीय पक्ष्यांवर एक सर्वसमावेशक ग्रंथ लिहावयाचा, हे त्यांचे स्वप्न होते. पंचवीसएक वर्षांच्या नोंदी आणि हस्तलिखिते सिमल्याच्या बंगल्यात रचून ठेवलेली होती. एका हिवाळ्यात ते मैदानी मुलखात गेलेले असताना घरच्या नोकराने ते कागद बाजारात रद्दीच्या भावाने विकून टाकले. परत आल्यावर हा प्रकार उघडकीस आला. ह्यूम यांचे मन पक्षिशास्त्रातून उठले ते कायमचेच. १८८५ मध्ये त्यांनी कातडी आणि अंडी मिळून सुमारे ८२ हजार नमुने ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकले. विखुरलेल्या माणसांना पत्रांनी जोडण्याचे कसब आता राजकारणाच्या कामी आले.

रानपिंगळ्याची कथा मात्र अपुरीच होती. १८८४ नंतर त्याचा विश्वासार्ह नमुना मिळाला नाही. कर्नल माइनर्ट्झहागेन यांनी डेव्हिडसन यांचा एक नमुना म्युझियममधून लांबवला आणि गुजरातेतील १९१४ सालच्या खोट्या नोंदीची चिठ्ठी त्याला लावली. या एका चिठ्ठीने शोधकांना वर्षानुवर्षे चकवले. अखेर ती बनावट नोंद बाजूला सारून जुन्या, खऱ्या ठिकाणांकडे वळलेल्या पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळच्या रानात रानपिंगळा जिवंत दिसला. तब्बल ११३ वर्षांनी!

ह्यूम १८९४ मध्ये इंग्लंडला परतले. तेथे वनस्पतींच्या अभ्यासात रमून १९१० मध्ये त्यांनी लंडनमध्ये एक वनस्पतिशास्त्र संस्था स्थापन केली आणि ३१ जुलै १९१२ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचा महाग्रंथ रद्दीत गेला. छापून झालेल्या नोंदी तेवढ्या उरल्या आणि एका शतकानंतरही अभ्यासकांच्या उपयोगी पडत राहिल्या. वेंगुर्ल्याच्या बेटांवर वा पिंपळनेरच्या डोंगरात एक दिवस पक्षी पाहावयास जाणाऱ्याने दुर्बिणीबरोबर एक वही नेली, त्यात स्थळ व तारीख प्रामाणिकपणे लिहिली आणि ती नोंद घरात न ठेवता चार जणांपर्यंत पोचवली, तर तो ह्यूम यांचेच काम पुढे नेत असतो.