वालचंद हिराचंद

वालचंद हिराचंद दोशी (२३ नोव्हेंबर, १८८२, सोलापूर – ८ एप्रिल, १९५३, सिद्धपूर, गुजरात) हे भारतीय उद्योजक होते. जहाजवाहतूक, विमाननिर्मिती आणि मोटारनिर्मिती या तिन्ही क्षेत्रांत भारतीय उद्योगाचा पाया घालणाऱ्यांमध्ये त्यांची गणना होते. त्यांनी स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्स या कारखान्याच्या मोटारींवर आरंभी क्रायस्लर समूहाची व पुढे फियाटची बोधचिन्हे होती. कारखान्याचे स्वतःचे नाव मोटारीवर येण्यास त्यांच्या मृत्यूनंतर सुमारे दोन दशके लागली.

बालपण व शिक्षण

वालचंद यांचा जन्म सोलापुरात स्थायिक झालेल्या एका गुजराती दिगंबर जैन व्यापारी कुटुंबात झाला. वडील हिराचंद नेमचंद दोशी हे कापसाचा व्यापार व सावकारी करीत. वालचंद लहान असतानाच त्यांची आई निवर्तली. सोलापुरात मॅट्रिक झाल्यावर त्यांनी मुंबईचे सेंट झेवियर्स महाविद्यालय व पुण्याचे डेक्कन कॉलेज येथे शिक्षण घेतले. मात्र पदवी पूर्ण न करताच ते घरच्या व्यवसायात आले. त्यात त्यांचे मन रमले नाही.

कंत्राटदारी

लक्ष्मण बळवंत फाटक हे पूर्वी रेल्वेत कारकून होते. त्यांच्याशी भागीदारी करून वालचंद यांनी रेल्वेची कंत्राटे घेण्यास प्रारंभ केला. बार्शी लाइट रेल्वेच्या एका लहानशा मार्गाचे काम हे त्यांचे पहिले महत्त्वाचे काम होय. पुढे बोरघाटातील बोगदे आणि तानसा तलावातून मुंबईला पाणी आणणारी जलवाहिनी अशी मोठी कामे त्यांच्या संस्थांनी केली. १९२६ साली त्यांनी हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी स्थापन केली. मोठ्या भांडवलाची व अवघड यंत्रसामग्रीची कामे भारतीय माणसे पार पाडू शकतात, हा अनुभव त्यांना या व्यवसायातून मिळाला. त्यांचे पुढील सर्व उद्योग या अनुभवावर उभे राहिले.

जहाजवाहतूक

पहिल्या महायुद्धानंतर ग्वाल्हेरच्या शिंदे संस्थानाचे एक जहाज विक्रीस निघाले. मूळचे एम्प्रेस ऑफ इंडिया हे जहाज युद्धकाळात रुग्णसेवेसाठी वापरले गेले होते व त्याला लॉयल्टी, म्हणजे निष्ठा, असे नाव देण्यात आले होते. वालचंद, नरोत्तम मोरारजी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ते विकत घेतले आणि १९१९ साली सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापन केली. ५ एप्रिल, १९१९ रोजी लॉयल्टी मुंबईहून लंडनकडे निघाले. या घटनेच्या स्मरणार्थ ५ एप्रिल हा दिवस भारतात राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.

ब्रिटिश जहाज कंपन्यांनी भाड्याचे दर उतरवून सिंदियाला नमविण्याचा प्रयत्न केला. १९२३ साली झालेल्या कराराने सिंदियाचा व्यवसाय मर्यादित झाला, पण कंपनी टिकून राहिली. १९२९ साली वालचंद तिचे अध्यक्ष झाले. सिंदियाने आपल्या जहाजांना जल या शब्दाने सुरू होणारी भारतीय नावे दिली. विशाखापट्टणम येथे कंपनीने उभारलेल्या जहाजबांधणी कारखान्याची पायाभरणी १९४१ साली राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाली. तेथे बांधलेले जलउषा हे जहाज १९४८ साली जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते पाण्यात सोडण्यात आले.

विमाननिर्मिती

१९३९ साली प्रवासात वालचंद यांची अमेरिकन विमान व्यावसायिक विल्यम पॉली यांच्याशी भेट झाली. या भेटीतून विमान कारखान्याची कल्पना आकाराला आली. म्हैसूर संस्थानाच्या सहकार्याने डिसेंबर १९४० मध्ये बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी स्थापन झाली. युद्धाच्या गरजेमुळे लवकरच ती सरकारच्या ताब्यात गेली. आजची हिंदुस्थान एरोनॉटिक्स ही संस्था तिच्यातूनच विकसित झाली आहे.

मोटारनिर्मिती

भारतात मोटारींची जुळणी त्यापूर्वीच होऊ लागली होती. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडी येथे जुळणीचा कारखाना काढला होता. परंतु परदेशातून पेट्यांमधून आलेले सुटे भाग जोडणे एवढेच तेथील काम होते. मोटारीचे भागही येथेच तयार व्हावेत, असा वालचंद यांचा आग्रह होता. या विषयात अभियंते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या त्यांच्याबरोबर होते. विश्वेश्वरय्यांनी १९३५ साली युरोप व अमेरिकेचा दौरा करून मोटार कारखान्याची योजना तयार केली. फोर्डशी बोलणी फलद्रूप झाली नाहीत. क्रायस्लर कंपनी सहकार्यास तयार झाली. ब्रिटिश सरकारने मात्र युद्धकाळात या योजनेस साहाय्य केले नाही. या विलंबात काही वर्षे गेली. अखेर १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्सची स्थापना झाली आणि १९४७ साली मुंबईतील कुर्ला येथील कारखान्यातून मोटारी बाहेर पडू लागल्या.

मोटारींवरील बोधचिन्हे

कुर्ल्यातून बाहेर पडलेल्या पहिल्या मोटारी क्रायस्लर समूहाच्या प्लिमथ, डॉज व डिसोटो या नावांनी विकल्या जात. मालमोटारी फार्गो व डॉज या नावांच्या असत. प्लिमथचे बोधचिन्ह शिडाचे जहाज हे होते. १६२० साली इंग्रज वसाहतवाल्यांना अमेरिकेत नेणाऱ्या मेफ्लॉवर जहाजाचे ते चित्र होय. डॉजच्या बॉनेटवर मेंढ्याची आकृती असे. निर्यातीच्या बाजारासाठी क्रायस्लर प्लिमथचाच सांगाडा थोड्या फरकाने डॉज व डिसोटोची चिन्हे लावून विकत असे. त्यामुळे दिसायला जवळजवळ सारख्या मोटारी वेगवेगळ्या नावांनी रस्त्यावर येत. ही नावे व चिन्हे परवान्याने मिळालेली होती. त्यांवर प्रीमियरचा मालकी हक्क नव्हता.

१९५०च्या दशकात प्रीमियरने इटलीच्या फियाट कंपनीशी सहकार्य करून लहान मोटारी बनविण्यास सुरुवात केली. १९५४पासून फियाट ११०० ही मोटार कुर्ल्यात तयार होऊ लागली. फियाट हे नाव तुरिनमधील त्या कंपनीच्या इटालियन नावातील आद्याक्षरांचे बनलेले आहे. कुर्ल्यात तयार झालेली मोटार अशा रीतीने तुरिनचे नाव मिरवीत होती. दरम्यान, १९५३ साली टॅरिफ कमिशनच्या अहवालानुसार सरकारने निव्वळ जुळणी करणाऱ्या कारखान्यांना आळा घातला. जनरल मोटर्स व फोर्ड यांनी भारतातील काम बंद केले. भाग देशात बनविण्याचा कार्यक्रम असलेला प्रीमियरचा कारखाना टिकला.

देशात बनणाऱ्या भागांचे प्रमाण वाढत गेले आणि १९७०च्या दशकात फियाटशी झालेल्या कराराची मुदत संपली. त्यानंतर मोटारीवर प्रीमियर हे नाव आले. प्रथम प्रीमियर प्रेसिडेंट आणि १९७४पासून चितोडच्या राणीच्या नावावरून प्रीमियर पद्मिनी असे तिचे नामकरण झाले. मोटारीचा आकार मूळचाच होता, बदलले ते पुढचे नाव. मुंबईकर मात्र तिला पुढेही फियाटच म्हणत राहिले. काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने ही मोटार शहराची ओळख बनली. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतील शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वयोमर्यादा संपली.

साखर उद्योग व इतर कार्य

नाशिक जिल्ह्यातील रावळगाव आणि पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यातील कळंब येथे वालचंद यांनी ओसाड जमिनीवर ऊसशेती व साखर कारखाने उभारले. कळंबजवळील वसाहत वालचंदनगर म्हणून ओळखली जाते. महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सच्या स्थापनेत (१९२७) त्यांचा पुढाकार होता.

अखेरचा काळ

१९४९ साली वालचंद यांना पक्षाघाताचा झटका आला व त्यांनी उद्योगांतून निवृत्ती स्वीकारली. पत्नी कस्तुरबाई यांनी अखेरपर्यंत त्यांची शुश्रूषा केली. विमान कारखाना त्यांच्या हयातीतच सरकारकडे गेला होता, तर १९५२ साली जहाजबांधणी कारखान्यातही सरकारचा मोठा हिस्सा आला. मोटार कारखाना कुटुंबाकडे राहिला. पण ८ एप्रिल, १९५३ रोजी वालचंद यांचे निधन झाले, तेव्हा त्यातून बाहेर पडणाऱ्या मोटारींवर परदेशी नावेच होती.

स्मारके

सांगलीचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय, सोलापूरची वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आणि मुंबईच्या बॅलार्ड इस्टेटमधील वालचंद हिराचंद मार्ग यांना त्यांचे नाव देण्यात आले आहे. भारतीय टपाल खात्याने २००४ साली त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.